रडून झाल्यावर उरते ती आशा: पंडिता रमाबाईंची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलले तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त वाक्यं जरा आवरून घेतली आहेत.

आजचा विषय जड आहे. तेव्हा बसमध्ये उभ्याने वाचत असाल तर सावकाश वाचा, किंवा रात्रीसाठी राखून ठेवा.

कुणाच्या घरी मयत झाली की आपण भेटायला जातो. काय बोलावं सुचत नाही. मग तोंडातून ठरलेली वाक्यं येतात. 'देवाची मर्जी.' 'सुटला बिचारा.' 'आता तूच धीर धरायला हवास.' घर ख्रिस्ती असेल तर त्यात आणखी एका वाक्याची भर पडते: 'ते प्रभूकडे गेलेत, आता रडायचं नाही.' बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण ज्याचं माणूस गेलंय त्याला कधीकधी वाटतं, की हे माझं सांत्वन करतायत की मला गप्प बसवतायत?

म्हणून आज मला एका शब्दाचा पाठपुरावा करायचा आहे. तो शब्द म्हणजे 'आशा'. आणि तो करायचाय एका मराठी बाईच्या आयुष्यातून. ही बाई विशी गाठायच्या आत आई, बाप आणि बहीण गमावून बसली होती, चोविशी गाठायच्या आत भाऊ आणि नवरा. पुढे ती ख्रिस्ती झाली. म्हातारपणी एकुलती एक मुलगीही गेली. नाव तुम्हाला माहीत आहे: पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर चार ओळी असतात, 'शारदा सदन', 'मुक्ती सदन', 'समाजसुधारक'. त्या चार ओळींच्या खाली किती माणसं पुरलेली आहेत, ते तिथे नसतं.

'आशा' या शब्दाची बदनामी

आधी शब्दाकडे बघू. मराठीत आशेची ख्याती काही फार चांगली नाही. 'आशा वेडी असते' असं आपण सहज म्हणतो. 'आशेला लावलं' म्हणजे फसवलं. कीर्तनात, प्रवचनात आशा येते ती बहुतेक वेळा तृष्णेच्या शेजारी, सोडून द्यायच्या गोष्टींच्या यादीत. जो आशा सोडतो तो सुखी, असं आपल्या कानावर लहानपणापासून पडलेलं असतं. यात तथ्यही आहे. हवं-हवं करत जगणारा माणूस खरंच दमतो.

पण चर्चमध्ये जा, तिथे हाच शब्द उलट्या बाजूला उभा असतो. विश्वास, आशा, प्रीती: पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात या तीन गोष्टी टिकणाऱ्या म्हणून येतात. बाकी सगळं सरतं, या राहतात. म्हणजे एका अंगणात जी टाकून द्यायची, ती दुसऱ्या अंगणात शेवटपर्यंत जपायची.

रमाबाईंची गंमत अशी, की त्या या दोन्ही अंगणांत वाढल्या. त्यांना संस्कृत पुराणं मुखोद्गत होती आणि पुढे बायबलही. त्यामुळे हा शब्द त्यांच्या हातात कसा बदलत गेला, हे बघण्यासारखं आहे.

रानातलं घर

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. पश्चिम घाटात, गंगामूळच्या रानात, आजच्या कर्नाटकात. वडील अनंतशास्त्री डोंगरे, चित्पावन ब्राह्मण, मोठे संस्कृत पंडित. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं. त्या काळात हा केवढा गुन्हा होता! विरोध झाला, पण ते हटले नाहीत. पुढे आई लक्ष्मीबाईंनी पहाटे उठवून रमाला शिकवलं. नंतर घर सुटलं आणि हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत पुराणं सांगू लागलं. देवळात बसायचं, पुराण वाचायचं, लोक जे देतील त्यावर राहायचं. आई, वडील, मोठी बहीण कृष्णा, भाऊ श्रीनिवास आणि सगळ्यांत धाकटी रमा.

मग १८७० च्या दशकातला दुष्काळ आला. दक्षिणेत माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. पुराण ऐकायला कोण येणार आणि दक्षिणा कोण देणार? रमाबाईंनी नंतर लिहिलंय, की देव प्रसन्न व्हावा म्हणून होतं नव्हतं ते दानधर्मात गेलं. उपास झाले, तीर्थस्नानं झाली, जप झाले. शेवटी रानातला पाला खायची वेळ आली. मजुरी करावी तर पंडिताच्या घरात कुणाला ती येत नव्हती, आणि करायची लाजही होती.

इथे थांबून एक सांगायला हवं. ही हकीकत रमाबाईंनी लिहिली ती ख्रिस्ती झाल्यावर, आणि बरीचशी परदेशी ख्रिस्ती वाचकांसाठी. त्यामुळे जुन्या धर्मावरचा त्यांचा राग त्यात आहे, तो लक्षात घेऊनच वाचायला हवं. पण भूक खोटी नव्हती, आणि मेलेली माणसंही नाहीत.

वडील तोवर आंधळे झाले होते. त्यांनी ठरवलं, की जलसमाधी घ्यायची. सगळ्यांचा निरोप घेतला. धाकटी रमा जवळ आली तेव्हा तिला कवटाळून ते म्हणाले, की मी तुला देवाच्या हाती सोपवलंय, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. मग श्रीनिवास पुढे झाला. म्हणाला, मी मानपान सोडतो, हमाली करतो, पण हे नको. वडिलांनी ऐकलं. पण शरीर संपलंच होतं, थोड्याच दिवसांत ते गेले.

त्यांच्यामागून आई. आई आजारी पडून अन्न अन्न करू लागली, तेव्हा रमा शेजारी भाकरी मागायला गेली. हजारो श्लोक पाठ असलेल्या त्या मुलीच्या तोंडून 'भाकरी द्या' एवढे शब्द निघेनात. आई गेली तेव्हा तिरडी उचलायला पुरेशी माणसं मिळाली नाहीत. दोन ब्राह्मण आले. उरलेले दोन खांदे श्रीनिवासचे आणि रमाचे. मसण काही मैलांवर. रमा ठेंगणी होती, खांद्यावर तिरडीची पातळी जुळेना, म्हणून तिने ती डोक्यावर घेतली.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. आईची तिरडी डोक्यावर घेऊन चालणारी मुलगी. पुढे जे काही बोलायचंय ते या मुलीला समोर ठेवून बोलायला हवं. 'आशा ठेव बाळा' हे वाक्य तिच्या तोंडावर म्हणता येत नसेल, तर ते कुणालाच म्हणू नये.

काही दिवसांनी मोठी बहीणही गेली. उरले दोघं भावंडं.

वाळूतले खड्डे

रमा आणि श्रीनिवास पायी उत्तरेकडे निघाले. शेकडो कोस. पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याची थंडी, अंगावर धड पांघरूण नाही. त्यांनी नदीकाठी दोन खड्डे खणले, थडग्यासारखे, आणि त्यात निजून डोकं तेवढं बाहेर ठेवून वरून कोरडी वाळू ओढून घेतली. अशा रात्री काढल्या. 'थडग्यासारखे' ही उपमा माझी नाही, रमाबाईंच्याच आठवणीतली आहे.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचले आणि नशीब फिरलं. ही मुलगी संस्कृतात अस्खलित बोलते, हे बघून तिथले पंडित थक्क झाले. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. सभा, मानसन्मान. मूर्तिपूजेवरचा विश्वास तोवर दोघांचाही उडाला होता. ब्राह्म समाजाची ओळख झाली. देव एकच आहे एवढं मनाशी उरलं होतं.

आणि १८८० मध्ये श्रीनिवासही आजारी पडला. त्याला मरणाची भीती वाटत नव्हती, घोर होता तो बहिणीचा. आपल्यामागे हिचं कसं होणार? रमाबाई सांगतात, की मी त्याला म्हणाले, आपल्या दोघांना देवाशिवाय आहे कोण? त्यावर तो म्हणाला, देव बघतोय ना, मग मला कशाची भीती नाही.

लक्षात घ्या, हे दोघंही तेव्हा ख्रिस्ती नव्हते. आंधळ्या बापाने देवाच्या हाती सोपवणं आणि मरत्या भावाने निर्धास्त होणं, हे रमाबाईंच्या आशेचं मूळ भांडवल. ते त्यांना आईबापांच्या घरातून मिळालं. पुढे १९०७ च्या सुमारास त्यांनी आपली साक्ष लिहिली, म्हणजे श्रद्धेचा प्रवास सांगितला, तेव्हा बापाचे ते शब्द त्या विसरल्या नाहीत. बापाची ती प्रार्थना देवाने ऐकली, असंच त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं.

पुस्तक आधी, मरण नंतर

त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. वेगळी जात, वेगळा प्रांत, नोंदणी पद्धतीचं लग्न. १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. त्या घरात, नवऱ्याच्या पुस्तकांत, रमाबाईंना लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली पुस्तिका सापडली. वाचली, आवडली. एक बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन शिकवू लागले. बिपिनबाबूंना बायकोचा हा ओढा काही रुचला नाही.

ही तपशिलातली बाब मी मुद्दाम सांगतेय. 'दुःखात पिचलेली बाई, म्हणून धर्म बदलला' असं रमाबाईंबद्दल तेव्हाही म्हटलं गेलं, आजही म्हटलं जातं. पण ते पुस्तक हाती आलं तेव्हा त्यांचा संसार सुखाचा होता. शोकाने त्यांना तिथे ढकललं, हे म्हणणं घटनाक्रमात बसत नाही.

फेब्रुवारी १८८२. पटकी. बिपिनबाबू गेले. रमाबाई तेवीस वर्षांच्या, कडेवर वर्षाचीही न झालेली मुलगी, आणि आता 'विधवा' हा शिक्का.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज सुरू केला. शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली, की मुलींना शिकवायला स्त्री शिक्षिका हव्यात, बायकांना स्त्री डॉक्टर हव्यात. आणि १८८३ मध्ये मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या, वाँटेज इथल्या सिस्टर्सच्या मठात.

फुलहॅममध्ये काय दिसलं

ख्रिस्ती आशा रमाबाईंना पहिल्यांदा कुठे दिसली असेल? उंच मनोऱ्याच्या चर्चमध्ये नाही. मठातल्या सिस्टर्सनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेलं. तिथे समाजाने 'वाया गेलेल्या' म्हणून टाकलेल्या बायकांसाठी घर होतं. सिस्टर्स त्यांची सेवा करत होत्या. रमाबाईंना धक्का बसला. अशा बाईला जवळ करायचं असतं, हे त्यांनी आपल्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवर भरदुपारी पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू.

रमाबाई लिहितात, की तिथे त्यांचं मन वळलं. मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी विचारलेला प्रश्न 'माझी माणसं का मेली' हा नव्हता. त्यांनी विचारलं, की ज्यांचं सगळं गेलंय त्यांच्यापाशी जाऊन बसण्याची ताकद तुम्हाला कुठून मिळते? त्या ताकदीचा पत्ता त्यांना हवा होता.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला. पण हा दिवस सोन्यासारखा उजाडला असं समजू नका. त्यांच्यासोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच्या थोड्याच आधी वाँटेजमध्ये आत्महत्या केली होती. रमाबाईंचे कान अधू होत चालले होते, डॉक्टर व्हायचं स्वप्न त्यामुळे सोडावं लागलं. इकडे महाराष्ट्रात बाप्तिस्म्यावरून गदारोळ उठला, फार थोडे लोक बाजूने बोलले. जोतीराव फुले त्यांपैकी एक, 'सत्सार'मध्ये त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली.

आणि बाप्तिस्मा घेतला म्हणून रमाबाई गप्पही बसल्या नाहीत. त्र्येक देवाची कल्पना, चर्चचा अधिकार, सगळ्यावर त्या मठातल्या सिस्टर्सशी पत्रांतून भांडत राहिल्या. एका पुरोहितशाहीतून सुटले ते दुसरीत अडकायला नाही, असा त्यांचा रोख होता. श्रद्धा आणि प्रश्न एका घरात नांदू शकतात, याचं इतकं रोखठोक उदाहरण आपल्याकडे क्वचितच मिळेल.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, नात्यातल्याच डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाला. पुढच्याच फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यात वारल्या, अवघ्या एकविसाव्या वर्षी. त्याच १८८७ साली रमाबाईंचं हिंदू उच्चवर्णीय स्त्रियांच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. त्यांनी ते आपल्या आईला अर्पण केलं. जिच्यासाठी भाकरी मागताना शब्द फुटले नव्हते, तिच्या नावाने ते पुस्तक परदेशात फिरलं, आणि त्याच्या जोरावर विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा राहिला.

तोच दुष्काळ पुन्हा

११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीवर 'शारदा सदन' सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी. १८९३ मध्ये मोठा वाद झाला: सदनात मुलींना ख्रिस्ती करतात असा आरोप. 'केसरी'ने तोफ डागली, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं, की मी जबरदस्ती करत नाही, पण माझी प्रार्थना मी दार लावून करणार नाही. कोण किती बरोबर, यावर आजही वाद होऊ शकतो, आणि तो वेगळ्या भागाचा विषय आहे.

आपण येऊ १८९६ वर. मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या. बाहेरच्या मदतीवर चालणारी संस्था, आधीच ओढाताण. न जाण्याला शंभर कारणं होती. पण त्यांनी लिहिलंय, की जुन्या दुष्काळाची आठवण त्यांना बसू देईना. त्या गेल्या. सरकारी मदत-छावण्या आणि अनाथालयं पाहिली. हाडांचे सापळे झालेली मुलं पाहिली. आणि तरुण मुलींना फूस लावून, विकत घेऊन नेणारी माणसं तिथे टपून बसलेली पाहिली. त्यांनी मुली गोळा केल्या आणि घेऊन आल्या. हळूहळू हा आकडा तीनशेपर्यंत गेला.

इथे आपल्याला त्यांची आशा डोळ्यांनी दिसते. ज्या गोष्टीने आपलं सगळं घर खाल्लं, तिच्यापासून माणूस साहजिकच लांब पळतो. ज्या इस्पितळात आपलं माणूस गेलं त्या रस्त्याने आपण वर्षभर रिक्षा नेत नाही. रमाबाई मात्र वीस वर्षांनी दुष्काळाच्या तोंडात परत शिरल्या. का? त्यांच्या श्रद्धेत मरणाला शेवटचा शब्द नव्हता, येशूचं थडगं रिकामं होतं. आणि मरणाचा शब्द शेवटचा नसेल, तर या समोरच्या मुलीची आजची भाकरी फुकट जात नाही. उद्या ती मेली तरी नाही. इतका साधा हिशेब.

सगळ्या मुली वाचल्या नाहीत. काही इतक्या खंगलेल्या होत्या, की पोटात अन्न गेलं तरी शरीराने साथ दिली नाही. तिथेही तिरड्या उचलाव्या लागल्या.

१८९७ ला पुण्यात प्लेगचं थैमान. नव्या मुलींना शहरात ठेवता येईना, म्हणून त्यांना केडगावला हलवलं. पुणे–दौंड रेल्वेमार्गावरच्या या गावात रमाबाईंनी आधी शंभरेक एकर जमीन घेतली होती, फळबाग लावून सदनाला उत्पन्न मिळावं म्हणून. त्या माळावर 'मुक्ती' उभी राहिली. प्लेगच्या सरकारी इस्पितळात आपल्या एका मुलीची हेळसांड झाली, तेव्हा त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये इंग्रज सरकारविरुद्ध जाहीर पत्र लिहिलं. परदेशी ख्रिस्ती मदतीवर संस्था चालत असताना, हं! 'जे होतं ते देवाच्या मर्जीने' म्हणून त्या हात जोडून बसल्या नाहीत. माणसाच्या निष्काळजीपणाला देवाची मर्जी म्हणायचं नसतं, एवढं त्यांना पक्कं कळत होतं.

१९०० च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी शेकडो मुली आल्या. मुक्तीतली संख्या दीड हजाराच्या पुढे गेली. शेती, विणकाम, छापखाना. अंध मुलींसाठी ब्रेल, जी मनोरमाबाई अमेरिकेतून शिकून आल्या होत्या. टाकलेल्या बायकांसाठी 'कृपा सदन'. फुलहॅममध्ये पाहिलेलं घर आता केडगावच्या माळावर उभं होतं.

मनोरमा

मनोरमाबाई आईचा उजवा हात झाल्या. शाळा त्यांनी सांभाळली, पुढे गुलबर्ग्यालाही शाळा काढली. रमाबाईंच्या मागे सगळा व्याप त्याच बघणार, हे ठरल्यासारखं होतं.

रमाबाई स्वतः तेव्हा एका वेगळ्याच कामात बुडाल्या होत्या. मराठी बायबल होतं, पण त्याची भाषा खेड्यातल्या, दुष्काळातून आलेल्या बाईला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून चाळिशी उलटल्यावर त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून सोप्या मराठीत अख्खं बायबल एकटीने उतरवायला घेतलं. खिळे जुळवायला आणि छापायला मुक्तीतल्याच बायका. पंधरा वर्षांहून जास्त काळ हे काम चाललं.

२४ जुलै १९२१. मिरजेच्या मिशन इस्पितळात मनोरमाबाई गेल्या. वय चाळीस. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या, कान जवळपास गेलेले. वडील, आई, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता लेक. आपल्या रक्ताचं म्हणावं असं कुणी उरलं नाही.

मग त्यांनी काय केलं? मुक्तीची जबाबदारी पुढे कुणी घ्यायची त्याची व्यवस्था लावली. आणि बायबलची पानं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या झोपेतून उठल्या नाहीत. लेकीनंतर साडेआठ महिन्यांनी. भाषांतर त्यांच्या हातून पूर्ण झालं होतं. छापलेलं पुस्तक बाहेर आलं ते १९२४ मध्ये.

मग आशा म्हणजे काय?

मी लहानपणापासून दफनविधीला एक उतारा ऐकत आलेय. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, चौथा अध्याय. पौल तिथे म्हणतो, की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक तुम्ही करू नये. पुष्कळ जण हे अर्धंच ऐकतात: 'शोक करू नये.' मग पाच दिवसांत घरातल्या पोरांना हसतमुख व्हावं लागतं, नाहीतर 'विश्वास कमी पडला' असा शेरा. पण वाक्य नीट ऐका. शोकाला मनाई तिथे नाहीच. शोक होणार हे धरूनच तो बोलतोय, फक्त त्या शोकाच्या सोबतीला आशा असू द्या एवढंच म्हणतोय. आणि लाजराच्या थडग्यापाशी येशू स्वतः रडला. थोड्याच वेळात त्याला उठवणार हे ठाऊक असूनही रडला. मग आपण कोण लागून गेलो?

रमाबाईंनीही आपली माणसं झाकून ठेवली नाहीत. आईची भूक, डोक्यावरची तिरडी, वाळूतले खड्डे, सगळं त्यांनी वीस-तीस वर्षांनी पुन्हा लिहिलं, नावानिशी. 'ते मागे टाकलं, आता मी आनंदी आहे' असं त्या म्हणत नाहीत. त्या आठवणीनेच त्यांना मध्य प्रांतात नेलं. आशा धरायला आठवण पुसावी लागत नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले.

'आशा वेडी असते' या म्हणण्याकडे आता परत बघा. ती वेडी असते जेव्हा आपण तिला तारीख लावतो. 'या महिन्यात बरं वाटेल', 'या नवसाने वाचेल'. अशी आशा मोडते, आणि मोडताना आपल्यालाही मोडते. दुष्काळात उपास करत बसलेल्या त्या कुटुंबाने ही आशा शेवटच्या घासापर्यंत धरली होती. रमाबाईंनी ती सोडली, त्या अर्थी कीर्तनकार म्हणतात ते त्यांनी केलंच! पण त्यांनी दुसरी धरली. तिला तारीख नव्हती. देव माझ्या माणसांना विसरला नाही, आणि एक दिवस तो हे सगळं नीट करील, एवढंच तिच्यात होतं. आणि तोवर? तोवर दळण दळायचं, मुलींना शिकवायचं, कागद तपासायचे.

ज्यांनी अलीकडे कुणाला गमावलंय, त्यांनी हा भाग ऐकून उद्यापासून केडगाव उभारावं असं मी म्हणत नाहीये. आईच्या तिरडीनंतर ती मुलगीही आधी नुसती चालतच होती, कोसच्या कोस. थंडी वाजली तेव्हा वाळू ओढून निजत होती. काही काळ तेवढंच पुरतं. त्या वाळूत निजलेली, डोकं बाहेर ठेवून श्वास घेणारी मुलगी हरलेली नव्हती. सकाळ होण्याची वाट बघत होती.

आणि तुमच्या ओळखीत कुणी शोकात असेल, तर भेटायला जाताना ठरलेलं वाक्य घरी ठेवून जा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, त्याच्याबद्दल विचारा. डबा घेऊन जा. भाकरी मागायला शब्द फुटत नाहीत, हे लक्षात असू द्या, म्हणजे मागायची वेळ येऊ देऊ नका.

मुक्ती मिशन आजही केडगावला आहे. दौंडकडे जाताना गाडी तिथून जाईल तेव्हा खिडकीतून जरा बघा.

पुढच्या भागात भेटू. तोवर सांभाळून राहा, एकमेकांना धरून राहा.